मास्तरांचं इंग्रजी कार्ड

मास्तर,

त्या गुरुवारी मी तुमच्याकडे का आलो नाही, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की महाडात तुम्हाला ओळखणारं माझ्याशिवाय दुसरं कोणी उरलं असेल असं वाटत नाही. तुमच्या आळीत परवा गेलो होतो, तर तुमचं घर कुठलं हे मलाच चटकन ओळखता येईना. रोज सकाळी चहा झाला की मी एकटाच बसलेला असतो. बायको गेली, मुलगा मुंबईला, आणि शेजारी बरे आहेत पण त्यांना त्यांची कामं आहेत. अशा वेळी हा गुरुवार डोकं वर काढतो. म्हटलं, एकदा सगळं लिहून काढू. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, आधी मुद्दे काढ आणि मग लेखणी उचल. मी मुद्दे काढलेले नाहीत. या वयात तरी मला तेवढी मोकळीक द्या.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि पोलादपूरच्या जंगलनाक्यावर उमेदवारी करत होतो. लाकडाच्या आणि कोळशाच्या बैलगाड्या घाटाकडून खाली यायच्या, त्यांचा पास बघायचा, शिक्का मारायचा, फाटक उघडायचं. उमेदवार म्हणजे काम सगळं आणि मान काहीच नाही. कायम व्हायचं तर खात्याची इंग्रजी वाचन-लेखनाची परीक्षा द्यायला लागे, आणि ती अलिबागेला होई. तिथे साहेब छापील उतारा पुढे ठेवणार, तो मोठ्यानं वाचायचा, तो जे विचारेल त्याची उत्तरं लिहायची, शिवाय एक अहवाल इंग्रजीतून लिहायचा, आणि तोही खाडाखोड न करता. मी मराठी सातवी पास होतो. इंग्रजीत सही करता यायची, पुढे सगळा अंधार. नापास झालो तर नाका सुटणार आणि मुंबईची वाट धरावी लागणार हे ठरलेलं होतं. आमच्या वाडीतले निम्मे पुरुष मुंबईलाच होते. माझा बापही गिरणीत होता आणि शिमग्याला आठ दिवस यायचा. आई वर्षातले बाकीचे सगळे दिवस डोंगरावर एकटी. मीही गेलो तर ती कोणाशी बोलणार, हे मला दिसत होतं. त्यामुळे ती परीक्षा मला नुसती नोकरीसाठी हवी होती असं नाही. मला आईच्या जवळ राहायचं होतं, आणि त्याला दुसरा रस्ता नव्हता.

महाडच्या जंगलखात्याच्या रेंज कचेरीतल्या कारकुनानं तुमचं नाव सांगितलं. म्हणाला, "शिकवतात उत्तम, पण गृहस्थ तऱ्हेवाईक आहेत, बघा जमलं तर." मी एका रविवारी अकरा मैल चालत आलो. तुम्ही ओट्यावर बसला होतात, पायावर गोधडी, हातात भिंग. मी नमस्कार केला, काम सांगितलं. तुम्ही मला वरपासून खालपर्यंत बघितलंत आणि विचारलंत, "उमेदवार का? मग बसा उमेदवार." पुढे दीड वर्ष तुम्ही मला माझ्या नावानं कधी हाक मारली नाहीत. आधी मला राग यायचा. मग सवय झाली, आणि मग तुम्ही एखाद्या रविवारी तसं म्हणाला नाहीत की चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं.

तुमच्या घरचा सगळा कारभार आक्का बघायच्या, तुमच्या थोरल्या बहीण. त्या मला ओट्यावर चहा आणून द्यायच्या आणि कप मी विसळून उपडा ठेवायचा, असं होतं. मला त्याचं तेव्हा काही वाटत नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. पण तुम्हाला त्याचं वाटायचं हे मला कळायचं, कारण मी कप विसळत असताना तुम्ही नेहमी दुसरीकडे बघत होतात. एका रविवारी मी उन्हावाऱ्यातून तापून आलो होतो, तर तुम्ही आतल्या बाजूला वळून म्हणालात, "आक्का, आज आम्ही स्वयंपाकघरात बसतो, इथे रस्त्याचा आवाज फार होतो." रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आक्कांनी चुलीशेजारी मला पाट मांडला. त्या दिवशी त्या चुलीवर कुळथाचं पिठलं शिजत होतं आणि मी वाचत होतो ते थंड देशातल्या मेंढ्यांबद्दल होतं. पिठल्याचा वास आला की मला आजही त्या मेंढ्या आठवतात.

तुमच्याकडे पुस्तक नव्हतंच मुळी. जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांतले तुकडे कापून तुम्ही पुठ्ठ्यांवर चिकटवले होते. एक पुठ्ठा दीपगृहाचा, एक मेंढ्यांचा, एक कुठल्या तरी पुलाचा, आणि एकात एक बाई आपल्या हरवलेल्या कुत्र्याबद्दल कळवत होती. रविवारी एक पुठ्ठा घेऊन जायचा, आठवडाभर वाचायचा, आणि त्याचा सारांश स्वतःच्या वाक्यांत लिहून पुढच्या रविवारी आणायचा. नाक्यावर मी भर दुपारी फाटकापाशी बसून मोठ्यानं वाचायचो. गाडीवाले बैल सोडून सावलीला बसलेले असायचे आणि माझ्याकडे बघून आपापसात हसायचे. माझ्या बरोबरचा गार्ड म्हणायचा, "येडा झाला काय रे? कोणाशी बोलतोस?" खरंच कोणाशी बोलत होतो? त्या सगळ्या खोऱ्यात मी जे उच्चारत होतो ते कळणारा एक माणूस नव्हता. तो आठवड्याला एकदा अकरा मैलांवर भेटायचा. मराठी बोलणाऱ्या माणसाला एकटं वाटलं तर तो कोणाला तरी हाक मारतो. मला इंग्रजीत हाक मारायला तुमच्याशिवाय कोणी नव्हतं.

आणि तुमची ती खोड. खाडाखोड तुम्हाला सहनच व्हायची नाही. माझ्या कागदावर एक शब्द खोडलेला दिसला की तुम्ही तेवढा तुकडा फाडून टाकायचात आणि उरलेला कागद माझ्या हातात द्यायचात. "साहेबाला तुझा विचार बघायचाय, तुझा गोंधळ नाही," म्हणायचात. तुम्ही स्वतःलाही सोडत नव्हतात. वाण्याची यादी असो की भावाला पत्र, काठाला काही चुकलं की तो काठ फाडलेला. आक्का म्हणायच्या की ह्याचे कागद बघून लोकांना वाटेल आमच्या घरात उंदीर फार झाले. मी त्यावर मनापासून हसायचो. त्या सवयीनं पुढे काय होणार होतं ते आम्हा तिघांपैकी कोणाला सुचलं नाही.

महाडजवळच्या सवच्या कुंडावरचा दिवस आठवतो का तुम्हाला? मला तो फार आठवतो. तुमचे गुडघे थंडीत धरायचे म्हणून तुम्ही सवला गरम पाण्याच्या कुंडावर जायचात, आणि त्या रविवारी मलाही गाडीत घेतलंत. आता तो दिवस पुन्हा समोर येतो. तुम्ही धोतर वर खोचून गुडघ्यांपर्यंत पाण्यात बसलेले आहात, वाफ वर येते आहे, आणि मी काठावरच्या दगडावर बसून दीपगृहाचा उतारा वाचतो आहे. आसपास खाजेचे, संधिवाताचे दहा-बारा लोक आहेत. सगळे गप्प होऊन ऐकतात. मी उतारा संपवतो, तेव्हा पलीकडचा एक म्हातारा शेतकरी पाण्यातच हात जोडतो. त्याची म्हातारी मला विचारते, "कुठल्या देवाचा मंतर हाय रे बाबा हा? ह्याच्यान गुण येतो काय?" तुम्ही इतके हसलात की तुमचं भिंग पाण्यात पडलं. मी ते काढून दिलं, हात पोळला. तुम्हाला असं हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

पण लगेच तुम्ही विचारलंत, "काय वाचलंस?" मी म्हटलं, सगळं वाचलं, एक उच्चार चुकला नाही. "उच्चार राहू दे. दीपगृहातल्या त्या माणसाला काय झालं होतं?" मी ततपप करायला लागलो. त्याचा पगार, त्याचा दिवा, समुद्र, जे जे दिसेल ते सांगितलं. तुम्ही मान हलवत राहिलात. मग म्हणालात, "अरे, तो एकटा आहे. सबंध उताऱ्यात तो दुसरं काही सांगत नाही. तू अक्षरं वाचतोस, उमेदवार. समोर माणूस बसलाय, तो काय म्हणतोय ते वाचत नाहीस." सगळ्या लोकांदेखत तुम्ही हे बोललात. त्यांना काही कळलं नसेल, तरी माझे कान तापले. परतीच्या वाटेवर मी गाडीत तुमच्याकडे पाठ करून बसलो. गाडीतून उतरताना मात्र तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून उतरलात आणि तो हात जरा जास्त वेळ तिथेच ठेवलात.

आता कार्डाची गोष्ट. परीक्षा माघ संपता संपता होती. त्याआधी आठ दिवस रजा घेऊन मी घरी बसणार, असं मी तुम्हाला सांगून ठेवलं होतं. रजा मिळाली नाही. हंगाम गाड्यांचा, नाका कोण सांभाळणार, असं साहेबांचं उत्तर आलं. ते मी तुम्हाला कळवायला हवं होतं, कळवलं नाही. म्हणून तुम्ही कार्ड टाकलंत ते माझ्या घरच्या पत्त्यावर, डोंगरावर. तिथे पोस्टमन आठवड्याला एकदा, मंगळवारी चढायचा.

आई त्या दिवशी शेतात राब भाजत होती, पेरणीच्या जागेवर पालापाचोळा पसरून जाळत होती. पोस्टमन बांधावर आला आणि तिथेच थांबला. एरवी तो थेट अंगणात यायचा, पाणी मागायचा, वाडीतली पत्रं स्वतःच वाचून दाखवायचा, आणि बरी बातमी असली तर गुळाचा खडा खाल्ल्याशिवाय हलायचा नाही. त्या दिवशी त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. कार्ड हातात धरून तो म्हणाला, "काकी, हिकडं बाहेरच घ्या." राजाचं डोकं छापलेलं साधं कार्ड, आणि त्याचा खालचा कोपरा फाडलेला. मजकूर इंग्रजी, पत्ता तेवढा मराठीत. तुम्हाला सांगायला नको, आमच्याकडे काय आणि तुमच्याकडे काय, कोपरा फाडलेलं कार्ड एकाच गोष्टीचं असतं, मयताचं. ते घरात न्यायचं नाही, ठेवायचं नाही, उभ्याउभ्या वाचायचं आणि फाडून टाकायचं. पोस्टमनला इंग्रजी येत नव्हतं. शेजारच्या शेतातल्या बायका धावत आल्या. कोणी तरी म्हणालं, इंग्रजीत कशाला असेल, तर दुसरी म्हणाली, "गिरनीच्या सायबानं धाडली असंल. सायेब काय मराठीत लिवतो?" हे सगळ्यांना पटलं. आईनं कार्ड फाडलं आणि पेटत्या राबात टाकलं.

वाडीतला एक माणूस धावत खाली नाक्यावर आला. "घरी चल," एवढंच म्हणाला. मी जवळजवळ धावतच चढलो. दिवस मावळायच्या आत पोचलो. अंगणात बायका बसलेल्या, मध्ये आई. रडत नव्हती. दोन्ही हात पोटाशी धरून बसली होती, कारण बायका तिला बांगड्या उतरव म्हणत होत्या.

"नाय उतरवायच्या," ती म्हणत होती. "माझा पोर येऊंदे. त्याला इंग्रजी येतो. तो वाचंल आणि मंग मी सांगते काय ते."

मी म्हटलं, "आये, कार्ड कुठंय?"

तिनं माझ्याकडे बघितलं, आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं. "जाळला रे," ती म्हणाली. "ठेवायचा नाय ना तो. जाळला."

मास्तर, तो क्षण मी कोणाला नीट सांगू शकलेलो नाही. दीड वर्ष मी जे शिकत होतो त्याचा आमच्या घराला पहिल्यांदा काही उपयोग होणार होता, आणि वाचायला कागद नव्हता. मी राबाच्या जागी गेलो, काठीनं राख उकरली. बायका बघत होत्या. शब्द सोडा, कार्डाचा काळा तुकडासुद्धा सापडला नाही. मी परत येऊन म्हटलं की मुंबईहून दुसरं पत्र येईपर्यंत कोणी माझ्या आईच्या हाताला हात लावायचा नाही. एक म्हातारी म्हणाली, "असा करू नये रे, त्याचा जीव अडकंल." मी तिच्यावर इतका ओरडलो की आजही त्याची लाज वाटते. मग बायका गेल्या. मी आणि आई ओटीवर बसून राहिलो. ती एवढंच म्हणाली, "शिमग्याला येतो म्हनला होता ना," आणि पदर तोंडावर घेतला.

सकाळी मी पोलादपूरला उतरलो आणि पोस्टमनला गाठलं. शिक्का कुठला होता, आठव. तो विचार करकरून म्हणाला, "म्हाडचा. व्हय, म्हाडचाच. मुंबईचा गोल मोठा असतो." माझा जीव भांड्यात पडला. महाडहून मला इंग्रजीत लिहिणारा माणूस जगात एकच होता, आणि त्याला कागदाचे कोपरे फाडायची खोड होती. मी तिथेच पोस्टाच्या पायरीवर बसलो आणि हसायला लागलो, आणि हसता हसता रडलो. लगेच वाडीवर निरोप धाडला. आईनं त्या दिवशी ग्रामदेवीला नारळ फोडला. वरून तिचा मला निरोप आला, की तुझ्या मास्तराला सांग, असली पत्रं लिहीत जाऊ नको, म्हातारा झाला तरी अक्कल नाय. हा निरोप मी तुम्हाला कधी दिला नाही. आता देतो.

तो बुधवार होता. पुढच्या आठवड्यात मी अलिबागेला गेलो. सर्व्हिस मोटारीनं पेणपर्यंत, तिथून पुढे. परीक्षा सोपी नव्हती आणि अवघडही नव्हती. साहेबानं समोर ठेवलेला उतारा एका जुन्या झाडाविषयी होता. मी वाचला. मग त्यानं विचारलं की लिहिणाऱ्याला काय म्हणायचंय, आणि मी थांबून, पुन्हा एकदा मनात वाचून, त्याला सांगितलं. तो हसला आणि मान डोलावली. त्या घटकेला मला तुम्हाला सांगायचं होतं, मास्तर. कचेरीतून बाहेर पडलो, समोर समुद्र होता, मी समुद्र पहिल्यांदाच बघत होतो, आणि मला समुद्राचं काही नव्हतं. तुम्हाला कधी सांगतो असं झालं होतं.

परत येताना महाडात मोटार थांबली तेव्हा मी तसाच तुमच्या आळीत आलो, हातात पिशवी. आक्का ओट्यावर बसल्या होत्या आणि त्यांनी मला बघून तुम्हाला सांगायला आत जाण्याऐवजी तोंड फिरवलं. तुम्हाला जाऊन चार दिवस झाले होते. मी पायरीवर बसलो. मग त्या बोलायला लागल्या. तुम्हाला ज्वर होता, उतरत नव्हता. तुम्ही मला कार्ड टाकलंत, गुरुवारी ये म्हणून. सगळे पुठ्ठे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा माझ्या तोंडून ऐकायचे होते तुम्हाला. मोजून एकवीस होते ते. "मी त्याला म्हटलं होतं," आक्का म्हणाल्या, "की फाटक्या कोपऱ्याचं कार्ड कोणाच्या घरी टाकू नये, लोक काय समजतील. तर म्हणाला, त्याला इंग्रजी येतं, आक्का. तो वाचेल." गुरुवारी सकाळपासून तुम्ही अंगात ताप असताना ओट्यावर येऊन बसला होतात. त्यांनी दोनदा आत बोलावलं, तर गेला नाहीत.

मी त्यांना सगळं सांगितलं. राब, आई, बांगड्या, पोस्टमन. आक्कांनी कपाळावर हात मारून घेतला. "तुझा काय दोष," म्हणाल्या. मग आत गेल्या आणि पुठ्ठ्यांचा गठ्ठा आणून माझ्या मांडीवर ठेवला. आणि चहा आणला. कप मी विसळायला उचलला, तर त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

निकाल लागला, मी पास झालो. कायम झालो, तीस वर्षं नोकरी केली, तीही याच दोन तालुक्यांत. आई माझ्या डोळ्यांसमोर राहिली, माझ्या घरात, माझ्या मुलाला खेळवत म्हातारी झाली. जे मागितलं होतं ते मिळालं. इंग्रजी मात्र पुढे नुसतं कचेरीचं झालं. सविनय कळवतो, आदेश व्हावा, सोबत जोडलं आहे. लिहिणाऱ्याला काय म्हणायचंय असं मला त्यानंतर कोणी विचारलं नाही. बायकोला मी एकदा दीपगृहाचा उतारा वाचून दाखवला, तर ती म्हणाली, आवाज छान लागतो हो तुमचा. आता सकाळी कधीतरी मी एखादा पुठ्ठा काढतो आणि मोठ्यानं वाचतो. शेजाऱ्यांना वाटतं म्हातारा पूजा करतो आहे.

कार्डाची गोष्ट मात्र मी जन्मभर सांगितली. कचेरीत सांगितली, लग्नाकार्यात सांगितली, मुलाला तर पाठ आहे. गिरनीच्या सायबापाशी लोक हसतात आणि "तो वाचेल" यापाशी गप्प होतात. सांगता सांगता ती चांगली घोटली गेली आहे. कोणीही ऐकून म्हणतं, तुमचा काय दोष. आणि गोष्टीतला प्रत्येक शब्द खरा आहे. पण बुधवारनंतर मी जी एकदम पुढच्या आठवड्यावर उडी मारतो, ती तुम्ही असतात तर लगेच पकडली असतीत.

गुरुवारी मी महाडात होतो. रेंज कचेरीत परीक्षेचं हुकूमपत्र घ्यायला यायचं होतं, म्हणून आलो होतो. तुम्ही कशासाठी लिहिलं होतंत ते मला ठाऊक नव्हतं, पण तुम्ही लिहिलं होतंत हे ठाऊक होतं. काम दुपारी उरकलं. मी तुमच्या आळीच्या तोंडाशी आलो. तुम्ही ओट्यावर बसला होतात, अंगावर शाल, डोळ्यांवर हात धरून रस्त्याकडे बघत होतात. तुम्हाला लांबचं दिसत नव्हतं, त्यामुळे मी सोनाराच्या दुकानाशी उभा राहू शकलो. बराच वेळ उभा होतो. तुम्ही एकदा आत वळून काहीतरी विचारलंत, बहुधा किती वाजले ते. माझ्याजवळ पुलाच्या उताऱ्याचा सारांश लिहिलेला नव्हता. तुम्ही तो मागणार, मग दुसरा द्याल, मग चुका काढाल, संध्याकाळ होईल, आणि अकरा मैल चालायचे. मी वळलो आणि गेलो. बाजारात एका ओळखीच्या गाडीवाल्याबरोबर भजी खाल्ली.

हे आक्कांना सांगितलं नाही, आईला नाही, बायकोला नाही. हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं असतं असं वाटत नाही. पुढे मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. आमच्या घरात तुमच्या कार्डावर जे झालं ते तुम्हाला सांगायची लाज वाटली, असंही एकदा म्हणून बघितलं. तसं काही नव्हतं. त्या दिवशी मला तुमचा कंटाळा आला होता, मास्तर.